डिकीच्या कोपऱ्यात पोर्टेड सबवूफर: माझा अनुभव

बाबांच्या भजनी मंडळाची पेटी, तबला-डग्गा सगळं आमच्याच गाडीतून जातं. म्हणजे सबवूफरचं, खर्जाच्या स्पीकरचं, लाकडी चौकोनी खोकं ठेवून डिकी अडवणं शक्यच नव्हतं. चाकाच्या फुगवट्यामागचा डावा कोपरा तेवढा मोकळा, आणि त्या वेड्यावाकड्या खोबणीत बसणार फायबरग्लासच.

सीलबंद खोकं सोपं पडतं. पण मला डग्ग्याचा घुमारा भरदार हवा होता, म्हणून पोर्टेड, म्हणजे हवा ये-जा करायला पाईप (पोर्ट) बसवलेलं. माझ्या १० इंची सबच्या थील-स्मॉल आकड्यांवरून (कंपनी देते ती स्पीकरची मोजमापं) हिशोब आला: आत निव्वळ ३५ लिटर हवा, ट्यूनिंग, म्हणजे ज्या सुराला पोर्टमधली हवा घुमते तो, ३५ हर्ट्झ. ३ इंची पाईप घेतला तर २५ सेंटिमीटर पुरतो, पण एवढ्याशा तोंडातून हवा जोरात ये-जा करते आणि आवाज वाढवला की फुसफुसते. ४ इंचीला जवळजवळ ४८ सेंटिमीटर लागतात. मी ४ इंचीच घेतला, मध्ये एल्बो (वळणाचा जोड) टाकून. लांबी मधल्या रेषेवरून मोजायची आणि आतलं तोंड भिंतीपासून निदान एक व्यासभर लांब ठेवायचं. पाईप आणि सब स्वतःही जागा खातात, म्हणून कवच ४१ लिटरचं धरलं.

फायबरग्लाससाठी रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि काचतंतूंची ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅट वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतून आणली. तिथल्या एका कारागीर काकांनी बजावलं, "कोबाल्ट आणि हार्डनर कधी थेट एकत्र करू नकोस रे, भडका उडेल. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळ, मगच दुसरं." (दोन्ही रेझिन घट्ट करायला घालतात.) मे महिन्यातल्या वडोदऱ्यात भर दुपारी रेझिन वाटीतच घट्ट होतं, म्हणून पहाटे काम आणि हार्डनर एक टक्क्याच्या आसपास. कोपऱ्याला आधी मास्किंग टेप, वर अ‍ॅल्युमिनियम फॉइल, त्यावर मेणाचा हात, म्हणजे कवच सुटून येतं. पांढरी मॅट रेझिन पिऊन हळूहळू पारदर्शक होते. जिथे पांढरं उरलं तिथे हवा अडकली समजायचं आणि रोलर फिरवायचा. दोन थर गाडीत, वाळल्यावर कवच बाहेर काढून आणखी चार. पुढे सब बसवायला १८ मिलिमीटर एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) रिंग, त्यावर ताणलेलं फ्लीसचं कापड, तेही रेझिनमध्ये भिजवलेलं.

असल्या आकाराचं घनफळ लांबी-रुंदीने निघत नाही. बीन बॅगेतले थर्माकोलचे मणी मोजमापाच्या डब्याने आत ओतले. तरीही पाईपची अखेरची लांबी कागदावरून ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे. मी तो मुद्दाम ५३ सेंटिमीटर ठेवला आणि टेपने तात्पुरता बसवला. फोनवरून एकेक हर्ट्झ बदलत टोन वाजवला. ट्यूनिंगपाशी काम पोर्टमधली हवा करते, स्पीकरचा कोन (पुढचा हलणारा पडदा) जेमतेम हलतो. माझा ३३ ला थबकला! बोट लावलं तर जाणवेल न जाणवेल अशी थरथर, आणि पाईपच्या तोंडाशी तळव्यावर चक्क वारा. पाच सेंटिमीटर कापल्यावर तेच ३५ ला झालं, मग पाईप कायमचा चिकटवला.

कार्पेट लावण्याआधी तोच टोन चालू ठेवून सांध्यांवरून अगरबत्ती फिरवली. धूर जिथे थरथरला तिथे रेझिनचा आणखी एक हात दिला. ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट सुटतो. म्हणून अ‍ॅम्पचा (अ‍ॅम्प्लिफायरचा) सबसॉनिक फिल्टर, जो फार खालचे सूर अडवतो, २८ हर्ट्झला लावला आणि मगच गेन (अ‍ॅम्पची आवाज वाढवण्याची पातळी) वाढवला.