वैरण खातोय का?

लाडूच्या पोटाखालची गाठ हाताला लागली ती नखं कापताना. लाडू आणि चिवडा हे आमचे दोन गिनी पिग, एकाच वेताचे, दोघेही नर. दिवाळीच्या तोंडावर घरी आले म्हणून लेकीने ही नावं ठेवली. गाठ हरभऱ्याएवढी होती, उजव्या जांघेत, स्तनाग्राला लागूनच. नराला स्तनाग्रं असतात का, असं मला त्यानंतर बऱ्याच जणांनी विचारलं. असतात. गिनी पिग नर असो की मादी, जांघेजवळ दोनच स्तनाग्रं असतात, आणि तिथला कर्करोग नरांनाही होतो.

साताऱ्यात कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आता बरेच झालेत. गाई-म्हशींचे डॉक्टर तर पहिल्यापासूनच आहेत. गिनी पिग या दोन्हींत कुठेच बसत नाही. एका दवाखान्यात फोन केला तर "ससा का?" असं विचारलं, नाही म्हटल्यावर "उंदीर आम्ही बघत नाही" म्हणून फोन ठेवला. शेवटी नवऱ्याच्या ओळखीने एका डॉक्टरांकडे गेलो. ते दिवसभर गावोगावी दुभत्या जनावरांमागे असतात, संध्याकाळी थोडा वेळ शहरात बसतात. त्यांनी लाडूला दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, म्हैस आणली असती तर आत्ता सांगितलं असतं. हा कॉलेजात प्रयोगशाळेत बघितलेला. पेशंट म्हणून पहिल्यांदाच आलाय."

असं सरळ सांगणारा डॉक्टर मला आवडतो. आमच्यासमोरच त्यांनी पुण्याच्या मित्राला फोन लावला. दोघं शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात एका बॅचला होते. हा मित्र आता ससे, पोपट, कासवं असेच पेशंट बघतो. फोन स्पीकरवर होता. पलीकडून आलेलं पहिलं वाक्य, "काय द्यायचं ते दे, पण पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिनला हात लावू नकोस."

माणसाला, कुत्र्याला सर्रास दिली जाणारी ही औषधं गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात. मग तिथे क्लॉस्ट्रिडियमसारखे विष तयार करणारे जिवाणू माजतात आणि प्राणी काही दिवसांत दगावू शकतो. क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिनही त्याच यादीत. प्रतिजैविक लागलंच तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम, असं पुण्याचे डॉक्टर सांगत गेले आणि आमचे डॉक्टर लिहीत गेले. नको असलेली नावं त्यांनी केसपेपरवर लाल पेनाने लिहून दिली. तो कागद मी पुढे कायम लाडूच्या पिशवीत ठेवला. रात्री-अपरात्री दुसऱ्या कुणाकडे धावावं लागलं तर आधी तोच पुढे करायचा. गिनी पिग पाळणाऱ्या प्रत्येकाने ही यादी घरात ठेवावी, आजार असो की नसो.

गाठ म्हटलं की कर्करोगच असं नसतं, हेही त्या फोनवर कळलं. मानेखालची गाठ बहुतेकदा गळू निघते, स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंमुळे झालेलं, आत घट्ट पू असलेलं. पाठीवर, माकडहाडाच्या वर येणारी गाठ बऱ्याचदा केसांच्या मुळांची आणि साधी असते. लाडूची गाठ होती ती जागा मात्र संशयाची. "वाट बघू नका, सुई घालून पेशी काढू," असं ठरलं. हळदीचा लेप सुचवणारेही भेटले. लेप लाडूने चाटून साफ केला असता, यापलीकडे मी वाद घातला नाही.

त्या डॉक्टरांकडे जायला पुण्याला भल्या पहाटे निघायचो. या प्राण्यांना थंडीपेक्षा ऊन फार बाधतं. पारा तिशीच्या वर गेला की उष्माघाताची भीती असते. खंबाटकीचा बोगदा उजाडायच्या आत पार करायचा असा आमचा नेम. पाण्याची बाटली गाडीत गळते, म्हणून टोपलीत काकडीचे काप ठेवायचे. आणि सोबत चिवडाही न्यायचा. एकटा नेला तर लाडू कोपऱ्यात दडी मारून बसे आणि काही खात नसे. भावाला शेजारी बसवला की दोघं खेड-शिवापूरपर्यंत काकडी संपवत.

पेशींच्या तपासणीत संशय पक्का झाला, म्हणून छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसं स्वच्छ दिसली. ऑपरेशन करायचं ठरलं. "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं ना?" असं मी विचारलं, कारण कुत्र्याच्या वेळी शेजाऱ्यांना तसंच सांगितलेलं. डॉक्टर म्हणाले, "मुळीच नाही. याला उलटी करताच येत नाही, त्यामुळे ती भीती नाही. पण पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबतात, आणि थांबलेली आतडी पुन्हा चालू करणं ऑपरेशनपेक्षा अवघड." भुलेच्या आधी तोंडात उरलेला घास तेवढा पुसून काढतात. भूल आयसोफ्लुरेन वायूची, अंगाखाली गरम गादी. टाके कातडीच्या आतून घातले. गळ्यात कॉलर घातली असती तर त्याला स्वतःच्या मऊ लेंड्या खाता आल्या नसत्या, आणि गिनी पिगला त्या खाव्या लागतात, पचनाचा तो भागच आहे. हे ऐकून लेकीने नाक मुरडलं, तरी शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. भुशामुळे जखम चिघळू नये म्हणून पिंजऱ्यात सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या घड्या घातल्या, दिवसातून अनेकदा बदलल्या. सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांचं माहेर माणदेशातलं, शेळ्या-मेंढ्यांत वाढलेल्या. लाडूवर एवढा खर्च चाललाय याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं, पण रोज सकाळी पिंजऱ्यापाशी येऊन एकच विचारायच्या, "वैरण खातोय का न्हाई?" खातोय म्हटलं की "मग भ्याचं न्हाई" म्हणून चहाला जायच्या. पुण्याचे डॉक्टर फोनवर हेच विचारत, फक्त लेंड्या किती आणि केवढ्या, हे जास्तीचं.

खात नसला की सिरिंजने भरवायचं. सुई काढून टाकलेली १ मिलीची सिरिंज, कोमट पाण्यात भिजवून कालवलेल्या गोळीखाद्याची पातळ पेज. पुढच्या दातांच्या मागे, बाजूने, थेंब-थेंब सोडायची, तो चावून गिळेपर्यंत थांबायचं. जोरात दाबलं तर श्वासनलिकेत जाऊ शकतं. रात्री दोनला उठून हे करताना चिडचिड व्हायची, खोटं कशाला बोलू. नवरा टॉवेलमध्ये गुंडाळलेला लाडू धरायचा आणि उभ्या-उभ्या पेंगायचा.

वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम होतं, मात्रा वजनावर ठरवलेली. साताऱ्याचे डॉक्टर ते नाव ऐकून हसले. "हेच मी म्हशीला देतो." मग त्यांनी सांगितलं की पूर्वी जनावरांना डायक्लोफिनॅक द्यायचे, पण ते दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं मरायला लागली, म्हणून २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि त्याची जागा मेलॉक्सिकॅमने घेतली. एकच औषध पाचशे किलोच्या म्हशीला आणि एक किलोच्या लाडूला, ही गोष्ट मला उगीचच धीर देऊन गेली.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात क जीवनसत्त्व शिकवताना स्कर्व्ही येतोच. १९०७ साली ॲक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख या नॉर्वेच्या शास्त्रज्ञांना नुसत्या धान्यावर ठेवलेल्या गिनी पिगमध्ये स्कर्व्ही दिसला, आणि हा आजार आहाराशी जोडलेला आहे हे तिथून पक्कं होत गेलं. माणसाप्रमाणेच गिनी पिगला क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. वर्गात सांगितलेली ही गोष्ट आता रोजच्या हिशेबात आली. निरोगी प्राण्याला दिवसाला किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, आजारी असला तर जास्त. पाण्यात विरघळवून ठेवलं तर ते लवकर नासतं आणि पाण्याची चव बदलली की लाडू पाणीच सोडायचा. त्यापेक्षा ढोबळी मिरची बरी. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत साधारण ८० मिलिग्रॅम असतं, म्हणजे रोजचा एक बऱ्यापैकी काप पुरतो. पेरूचा तुकडाही चालतो, पण गोड असल्यामुळे कधीमधीच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी घेऊन भेटायला येणाऱ्या मैत्रिणींना मी ती प्लेटमध्ये काढून परत त्यांनाच द्यायचे.

बाकी सगळं वाळलं गवत आणि हरळी. यांचे दात आयुष्यभर वाढत राहतात, गवत चावूनच ते झिजतात. लसूणघास स्वस्त आणि सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम जास्त, वाढ पूर्ण झालेल्या गिनी पिगला मूतखडा होण्याची भीती, म्हणून तो बंद ठेवला. गणपतीत दूर्वांच्या जुड्या जास्तच यायच्या आणि कुठे जायच्या ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बायोप्सीचा रिपोर्ट आला, ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीच्या पेशींचा कर्करोग. काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ आहेत, तिथे कर्करोगाच्या पेशी नाहीत, पण परत येऊ शकतो. केमोचं काय, असं नवऱ्याने विचारलं. डॉक्टरांनी घाईने हो किंवा नाही म्हटलं नाही. गिनी पिगच्या शिरा बारीक, सलाईन लावणंही जिकिरीचं. या प्राण्यात या कर्करोगासाठी ठरलेली उपचारपद्धत नाही. औषधाने भूक मेली तर आतडी थांबतील आणि तो कर्करोगाआधी त्यानेच जाईल. गिनी पिगचं आयुष्य साधारण पाच ते आठ वर्षांचं, लाडूने त्यातला मोठा वाटा जगलेला. आम्ही केमो नको म्हणालो. नातेवाइकांत याची चर्चा झाली, काहींना ते निर्दय वाटलं, काहींना ऑपरेशनच वेडेपणा वाटला होता. दोन्हींना उत्तर द्यायचं मी सोडून दिलं.

त्याऐवजी स्वयंपाकघरातला वजनकाटा कामाला लावला. पूर्वी आठवड्याला वजन करायचो, आता रोज सकाळी, खाण्याआधी, एकाच वेळेला. गिनी पिग आजार लपवतो. जंगलातली सवय, दुबळा दिसला की शिकाऱ्याच्या तावडीत सापडतो. तोंडावरून काही कळत नाही, काटा मात्र आधी सांगतो. थोडंफार वर-खाली होतंच, पण दहा टक्के उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. लाडू ऑपरेशनआधी १०५० ग्रॅम होता, नंतर उतरला आणि हळूहळू परत हजाराच्या वर आला. पावसाळा संपून दिवाळी आली, तो पिंजऱ्याची जाळी दातांनी वाजवून कोथिंबीर मागत होता. फ्रिज उघडल्याच्या आवाजाला दोघंही शिट्टीसारखं ओरडायचे. ते महिने चांगले गेले, आणि त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, हेच त्यांचं चांगलेपण.

मग संक्रांतीच्या सुमारास वजन उतरायला लागलं. भूक होती, पण खाताना थांबायचा, कुशी जोरात हलायच्या. एक्स-रेमध्ये फुप्फुसांवर ठिपके दिसले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की गिनी पिग नाकानेच श्वास घेतो, तोंड उघडून घ्यायला लागला तर ती शेवटची पायरी समजा, तिथपर्यंत जाऊ देऊ नका. आम्ही तीन गोष्टी ठरवून ठेवल्या: कोथिंबीर नाकारली, सिरिंजही नाकारली आणि चिवड्याजवळ जाणं सोडलं, तर थांबायचं. आधीच लिहून ठेवलं ते बरं झालं, कारण त्या दिवशी आमच्यापैकी प्रत्येकाला आणखी एक दिवस हवा होता. आत्यांनी विचारलं, "वैरण?" मी मान हलवली. त्या म्हणाल्या, "मग आता त्याला वडू नका."

साताऱ्याच्या डॉक्टरांनीच घरी येऊन केलं. आधी भूल, पूर्ण झोप लागल्यावर शेवटचं इंजेक्शन. चिवड्याला जवळ ठेवलं, त्याने हुंगलं आणि जाऊन गवत खायला लागला. लाडूला गावाकडच्या शेताच्या बांधावर पुरलं.

आमचे डॉक्टर आता ससे, गिनी पिग नाकारत नाहीत. लाल पेनातली ती यादी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे, आणि कुणाला सिरिंजने कसं भरवायचं ते दाखवायचं असलं की मला विचारून माझा नंबर देतात.

चिवडा मात्र मलूल झाला. हे कळपाने राहणारे प्राणी, एकट्याने राहत नाहीत. आत्यांचं म्हणणं, मादी आणा, पिल्लं होतील. मी ठाम नाही म्हटलं. मादीचं पहिलं बाळंतपण वयाच्या सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही तर जांघेची हाडं आवळतात आणि पिल्लं अडकतात. शिवाय एवढ्या पिल्लांना घरं कोण देणार? म्हणून एक नर पिल्लू आणलं, मोठा नर लहान नराला सहसा सांभाळून घेतो. त्याला आधी दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवलं, काही रोग बरोबर आणलाय का ते बघायला. मग दोघांना पिंजऱ्यात न सोडता हॉलच्या फरशीवर सोडलं, जिथे कुणाचाच हक्क नाही. चिवडा फुगून, गुरगुरत, ढुंगण हलवत त्याच्याभोवती फिरला. पिल्लू भिंतीला चिकटलं. थोड्या वेळाने चिवड्याने त्याच्यासमोरची कोथिंबीर ओढून स्वतःच खाऊन टाकली. दुसऱ्या दिवशी काट्यावर तो वीस ग्रॅमनी वाढलेला होता. पिल्लाचं नाव लेकीने शंकरपाळी ठेवलंय.