लॅपटॉप गेला म्हणून असाइनमेंट जात नाही

सबमिशन उद्यावर आहे आणि लॅपटॉप चालूच होत नाही. आधी चार्जर काढा आणि पॉवरचं बटण सलग तीस सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून पुन्हा चालू करून बघा. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटवर, अडकून बसलेला चार्ज निघून गेला की काही ‘मेलेले’ लॅपटॉप एवढ्यावरच उठतात. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, असं असेल तर एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा. तिकडे चित्र दिसलं तर दुखणं फक्त डिस्प्लेचं आहे, रात्र निभावून जाईल.

यातलं काहीच चाललं नाही तरी फाइल बहुधा शाबूत असते, कारण मदरबोर्ड गेला म्हणून ड्राइव्ह, म्हणजे फाइली साठवणारा भाग, जात नाही. तळाचं झाकण उघडून ड्राइव्ह काढायची, यूएसबी एन्क्लोजरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह बाहेरून जोडायच्या डबीत, बसवायची आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. एन्क्लोजर मात्र ड्राइव्ह हातात घेऊनच निवडा: एम-टू नावाच्या पट्टीसारख्या ड्राइव्हमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे जोडणीचे दोन प्रकार येतात, दिसायला जवळपास सारखे, आणि एकाचं एन्क्लोजर दुसऱ्याला चालेलच असं नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह बोर्डालाच सोल्डर केलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

खरी गोची पुढे आहे. आजकाल बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर एन्क्रिप्शन, म्हणजे फाइलींना लागलेलं डिजिटल कुलूप, आपोआप चालू झालेलं असतं आणि दुसऱ्या मशीनला ड्राइव्ह लावली की ती 48 अंकी रिकव्हरी की मागते. ती सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, मोबाईलवरूनही मिळते. लॅपटॉप धड आहे तोवर, म्हणजे आजच, कागदावर उतरवून ठेवा. ‘ड्राइव्ह फॉरमॅट करायची का?’ असा मेसेज आला तर नाही म्हणा. घाबरून ‘हो’ दाबल्यानेच जास्त नुकसान होतं.

वर्डची फाइल उघडत नसेल तर आधी तिची कॉपी करा. कॉपीच्या नावातलं शेवटचं ‘डॉकएक्स’ काढून ‘झिप’ लिहा. डॉकएक्स ही मुळात झिप फाइलच असते. आतल्या वर्ड फोल्डरमध्ये डॉक्युमेंट नावाच्या एक्सएमएल फाइलीत तुमचा मजकूर सापडेल आणि मीडिया फोल्डरमध्ये चित्रं. फॉरमॅटिंग जाईल, पण वीस पानं पुन्हा टाइप करण्यापेक्षा बरं! सेव्ह न करताच वर्ड बंद झालं असेल तर फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट या वाटेने जाऊन ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’ बघा. वर्ड अधूनमधून स्वतःच कॉपी ठेवतं ते ऑटोरिकव्हर मुळात दर 10 मिनिटांवर असतं, ते 1 वर आणा.

क्लाउडला सिंक होणारं फोल्डर म्हणजे बॅकअप, हा गैरसमज महागात पडतो. इकडे फाइल डिलीट झाली की तिकडूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती 30 दिवस राहते, नंतर नाही. पेन ड्राइव्हवर एक वेगळी कॉपी हवीच.

नेट गेलं तर मोबाईल हॉटस्पॉट. फक्त हिशेब करा: 1 एमबीपीएस अपलोडवर 40 एमबीची पीडीएफ जायला साडेपाच मिनिटं तरी लागतात. हाताने लिहिलेल्या पानांचे साधे फोटो जोडले की फाइल एवढी फुगते, म्हणून स्कॅनचं अ‍ॅप वापरा. पोर्टलच अडलं तर मुदत संपण्याआधी सरांना किंवा मॅडमना मेल टाका, पीडीएफ आणि एररचा स्क्रीनशॉट जोडून. ‘फाइल मी वेळेतच बनवली होती, तारीख बघा’ हा पुरावा टिकत नाही, कारण कॉम्प्युटरचं घड्याळ कुणीही मागे नेऊ शकतं. मेलची वेळ मात्र सर्व्हर टाकतो.