काज-बटण

फोनचं बटण जायला लागलं तेव्हा मला आधी वाटलं, आपला अंगठाच गेला. मार्चपासून मेअखेरपर्यंत आमच्या गारमेंटचा ऐन हंगाम असतो. जूनमध्ये शाळा उघडणार, त्याआधी शर्ट, हाफ पँट, स्कर्ट, ट्युनिक सगळं दुकानांत पोचलं पाहिजे. सोलापूर म्हटलं की बाहेरच्यांना चादर आठवते, पण शाळांचे गणवेश शिवण्यातही गावानं आता चांगलं नाव काढलंय. तसल्याच एका लहानशा कारखान्यात मी हिशेब सांभाळते. या दिवसांत बोटं दुखणं आलंच, म्हणून चार दिवस अंगठ्याला बाम चोळला. मग एकदा लेकीच्या हातात फोन दिला. तिनं चालू-बंदचं बटण दाबलं, परत दाबलं, नखानं दाबलं आणि म्हणाली, "आई, तुझा अंगठा ठीक आहे."

वस्तू बिघडली की आपल्याकडं ती लगेच दुरुस्त होत नाही. आधी तिची सवय होते. आमच्या मिक्सरचं झाकण गेली तीन वर्षं तळहातानं दाबून धरावं लागतं, आणि पाहुण्या बाईनं मिक्सर लावला तर आम्ही सगळे एकदम ओरडतो, "झाकण!" फोनचंही तेच झालं. मागच्या बाजूला बोटाचा ठसा टेकवला की स्क्रीन उजळायची. विझायची ती आपली आपण, तीस सेकंदांनी. फक्त फोन पुरता बंद पडू द्यायचा नाही, कारण एकदा बंद पडला की उठवणार कशानं? चार्जर पर्समध्ये, नजर टक्क्यांवर. एकदा कारखान्यातली लाइट गेली तेव्हा माझ्याकडं चार टक्के उरले होते. मी पॉवर बँक मागत सगळ्या मशिनींमधून फिरले. काज-बटणावरची बाई म्हणाली, "अक्का, फोन आहे का आयसीयूतला पेशंट?"

सेवा केंद्रात जाऊन आले. तिथल्या मुलीनं संगणकात पाहून गोड आवाजात सांगितलं, नुसतं बटण मिळत नाही, फ्रेमसकट बदलावं लागेल. आकडा नव्या फोनच्या निम्म्याला टेकत होता. "पाच वर्षं झाली ना मॅडम, आता नवाच घ्या."

मला राग आला नाही, चमत्कारिक वाटलं. मी जिथं बसते तिथून दहा हातांवर काज-बटणाची मशिनं आहेत. एकीवर काज पडतं, दुसरीवर बटण बसतं. चार भोकांचं बटण चिमट्यात धरायचं, पायटा दाबायचा, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर टाके पडून दोरा तुटलेला असतो. चांगल्या शर्टाच्या आतल्या पट्टीला खाली एक जादा बटणसुद्धा टाकून देतात, न सांगता, न मागता. एक बटण तुटलं म्हणून अख्खा शर्ट टाका असं गिऱ्हाइकाला सांगायची आमच्या मालकांची अजून तरी हिंमत झालेली नाही. आणि पहिला मोबाइल कुठं असा होता? २००३ साली निघालेला नोकिया ११००, तो आमच्याकडं होता. अंगठ्यानं मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. निम्मे आजार फुंकरीनं बरे व्हायचे.

लेकीनं सांगितलं की सरकारनं २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल काढलंय. चांगलंच आहे. पण माझा हंगाम पोर्टलसाठी थांबणार नव्हता. मी नवी पेठेत गेले.

नवी पेठेत दुपारी बाराला जाणं हेच एक धाडस आहे. वर ऊन, खाली गाड्या, मध्ये आपण. तिथल्या एका बोळातल्या दुकानात विशीतला एक मुलगा डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्यानं फोन उलटा केला, मॉडेल पाहिलं आणि मागच्या पोऱ्याला म्हणाला, "बे, ह्याची ऑन-ऑफ पट्टी काढ की." पट्टी निघाली. माझ्या करंगळीएवढी, पापडाहून पातळ, पिवळट तपकिरी प्लास्टिकची. तिच्यावर तीन बारके ठिपके, एक चालू-बंदचा, दोन आवाजाचे. किंमत एकशे वीस रुपये.

"बसवायचे किती?"

"तीनशे. पण आज नाही मॅडम, परवा. लाइन लागलीय बघा की."

परवापर्यंत फोन त्याच्याकडं ठेवायचा? हंगामात? मी म्हटलं, "मीच बसवते." त्यानं भिंग कपाळावर सरकवून माझ्याकडं नीट पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, गिटार वाजवायची असते तसली एक प्लास्टिकची पत्ती फुकट दिली, चिकटवायच्या बी-७००० गमाची ट्यूब विकत दिली आणि तीन सूचना केल्या. चार्जिंग उतरवल्याशिवाय खोलू नका. लोखंड बॅटरीच्या वाटेला नेऊ नका, टोचली तर पेटती. आणि झाकण निघालं की झटका देऊ नका, ठशाची वायर आत अडकलेली असती. "फोडून आणला तर मग पैसे डबल हं," असंही हसत म्हणाला.

रविवारी दुपारी स्वयंपाकघर आवरून बसले. पहिली अडचण अशी की फोन बंद करायलाही तेच बटण लागतं. म्हणून सकाळपासून त्याच्यावर एकामागून एक कीर्तनं लावून ठेवली होती. अडीच वाजता बुवांनी अभंगाच्या मध्यात मान टाकली. आता परतीची वाट नव्हती. नवं बटण बसलं तरच हा फोन पुन्हा डोळे उघडणार.

मागचं झाकण गमानं चिकटवलेलं असतं, तो गम मऊ करायला ऊब लागते. आमच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या, पारा बेचाळिसावर. पाच मिनिटं फोनही कुरडयांशेजारी ठेवावा असा मोह झाला. पण नुसती ऊब आणि सोलापूरचं ऊन यांत फरक आहे, आणि बॅटरीला तो कळतो. हेअर ड्रायर आमच्याकडं नाही. मग सासूबाईंची गुडघे शेकायची रबरी पिशवी घेतली, गरम पाणी भरून बूच दोनदा तपासलं, नॅपकिनात गुंडाळली आणि फोनच्या पाठीवर ठेवली. सासूबाई पाणी प्यायला आल्या, थांबल्या.

"काय गं, ह्याचं बी गुडघं धरलं का?"

"नाही आत्या, कडा धरल्यात."

"मग तेल लाव की आधी," म्हणून त्या गेल्या.

दोन-तीनदा शेक दिल्यावर कडेला पत्ती शिरली. सिमचा ट्रे आधी काढून ठेवला होता, तो विसरला तर तिथंच अडतं. पत्ती हळूहळू फिरवत नेली, आतल्या खाचा एकेक सुटू लागल्या, कट, कट, कट, कडक भाकरी मोडावी तसा आवाज. झाकण दोन बोटं उचललं, ठशाची वायर दिसली, तिचं टोक अलगद सोडवलं. आत पाहून मी थोडी नाराजच झाले. एवढं जग ज्याच्यात मावतं म्हणतात त्यातली निम्मी जागा बॅटरीनं खाल्लेली. उरलेल्यात वर एक हिरवी पाटी, खाली स्पीकर, आणि मधून जाणारी एक रुंद पट्टी.

मग स्क्रू. चष्म्याच्या स्क्रू ड्रायव्हरनं तेरा निघाले, तिळाएवढे, आणि सगळे एका मापाचे नाहीत. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी आवळला तर खालची पाटी भोसकली जाते. म्हणून एका कागदावर फोनचं चित्र काढलं आणि ज्या जागचा स्क्रू त्या जागी ठेवत गेले, ठिपक्यांच्या रांगोळीसारखं. बारा ठिपके भरले. तेरावा नाही. टेबलाखाली, साडीच्या निऱ्यांत, फरशीच्या फटीत, सगळीकडं शोधला. आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "बारा पुरेत की गं." या माणसाच्या शर्टाची मी तीस वर्षं बटणं लावतेय. शेवटी लेकीला तो सापडला. फोनच्याच स्पीकरला चिकटून बसला होता. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं, हे शाळेत शिकवलेलं मला तिथं आठवलं.

बॅटरीची जोडणी पहिल्यांदा सोडवायची. मेनस्विच बंद केल्याशिवाय आपण बोर्डाला हात लावत नाही, तसंच. ती जोडणी म्हणजे चक्क टिचबटण आहे! परकराच्या, झबल्याच्या टिचबटणाचीच जात, फक्त तांदळाच्या दाण्याएवढं. पत्तीनं खालून उचकलं की सुटतं, वरून बोट दाबलं की बसतं. आमच्या कारखान्यातल्या कुठल्याही बाईनं ते बघताक्षणी ओळखलं असतं.

आणि मग बटणाची खोबण. तिच्यात तूस भरलं होतं. बाहेरच्या प्लास्टिकच्या बटणाभोवती दाबून बसलेलं, नमद्यासारखं झालेलं. सुईनं उकरून पांढऱ्या कागदावर घेतलं आणि भिंगाखाली धरलं. निळं होतं, खाकी होतं, एक-दोन तंतू मरून. गेल्या पाच वर्षांत आम्ही ज्या ज्या शाळांचे कपडे शिवले त्यांचे रंग त्या कागदावर होते. सगळ्याला किंचित तेलकट वास. शेंगाचटणीचा. कारखान्यात जेवताना फोन आला की चटणीच्या बोटांनीच घेते मी. ती चटणी उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली असते, कागदाला डाग पडतो तिथं बटणाची काय कथा.

आधी वाटलं, एवढंच होतं, साफ केलं की झालं. पण जुन्या पट्टीवरचा ठिपका काडीनं दाबून पाहिला तर तो गप्प. नव्या पट्टीवरचा दाबला तर टक्! त्या ठिपक्यात पातळ पत्र्याची एक उपडी वाटी असते. आपण दाबतो, वाटी आत बसते, खालच्या बिंदूला शिवते आणि सोडली की परत फुगते. अंगठ्याला कळतो तो टक् त्या वाटीचा. सगळा प्रवास अर्ध्या मिलिमीटरहून कमी. पुढं फोन फक्त मोजत बसतो, किती वेळ शिवली, किती वेळा शिवली. जरासं दाबलं तर झोप, धरून ठेवलं तर बंद, दोनदा पटकन दाबलं तर कॅमेरा. दाराची बेल कशी वाजली यावरून दूधवाला की पाहुणा हे आपण ओळखतो, त्यातलाच प्रकार. माझी वाटी पाच वर्षं उपडी-सुलटी होऊन थकली होती, आणि वर चटणीचं तेल.

जुनी पट्टी शेक देऊन सोलली, नवी खोबणीत सारली. तेरा स्क्रू आपापल्या घरी गेले. गम लावायच्या आधी टिचबटण दाबलं, चार्जर जोडला.

काही नाही. काळी स्क्रीन. एक मिनिट, दोन मिनिटं. हे चष्म्यावरून बघू लागले. पाचव्या मिनिटाला मी मनात नव्या फोनचे हप्ते मांडायला घेतले. पार उपाशी पडलेल्या बॅटरीला शुद्धीवर यायला वेळ लागतो, हे मला नंतर कळलं. सहाव्या मिनिटाला रिकाम्या बॅटरीचं चित्र उमटलं. आणखी थोडं थांबून मी बटण दाबून धरलं. टक्. फोन थरथरला, कंपनीचं नाव आलं. सासूबाई आतून म्हणाल्या, "उतरला का शेक?"

गम रात्रभर सुकू द्यायचा होता, म्हणून कडेनं कपड्याचे चिमटे लावून फोन कपाटावर ठेवला. सकाळी काढला तर उजवा कोपरा केसभर उचललेला राहिला होता. नखाला लागतो. बटणही जरा ताठच आहे, जुन्यासारखं अंगवळणी पडलेलं नाही. जुनी पट्टी बटणांच्या डब्यात टाकलीय. परवा यांनी शर्टाला बटण शोधताना ती उचलून उजेडात धरली आणि काही न विचारता परत ठेवली.

शाळा उघडल्या. हंगाम ओसरला. काल दुपारी हिशेब संपल्यावर सहज फोन उजेडात तिरपा धरला. बटणाच्या फटीत बारीकसं काही दिसलं. सुईनं ओढून काढलं. निळं होतं.