सॅपर्टन बोगद्याचं मॉडेल: खांब बसले, आता रंग

कालव्याच्या या बोगद्याचं कोट्स गावाकडचं तोंड आता ओळखू येण्याइतपत उभं राहिलंय. प्रमाण 1:50, मागे सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका तक्ता, वरून वॉल पुट्टी. भिंतीतून अर्धे बाहेर आलेले खांब वायरिंगचा पीव्हीसी पाइप उभा चिरून केले. वर्ध्याकडचं ऊन सध्या असं आहे की पुट्टी हातातच वाळते. त्यामुळे दगडांचे सांधे पहाटेच, संपलेल्या रिफिलच्या टोकाने कोरतो.

नव्यांसाठी थोडक्यात: इंग्लंडमधल्या थेम्स-सेव्हर्न कालव्यावरचा हा बोगदा 1789 मध्ये खुला झाला. लांबी जवळपास साडेतीन किलोमीटर. डेनवेकडच्या तोंडाला किल्ल्यासारख्या चर्या, गॉथिक थाट. कोट्सकडे गोल कमान, खांब आणि कोनाडे, सगळं ग्रीक-रोमन वळणाचं. मला कोट्सच भावतं. कोनाडे मूर्तींसाठी ठेवले, पण मूर्ती कधी बसल्याच नाहीत. म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ त्या रिकाम्या कोनाड्यांवर गेला. आतली गोलाई चमच्याच्या पाठीने दाबून काढली. सावली नीट पडली की अख्खं तोंड जिवंत वाटतं.

एक आग्रह: आत कडेला नाव ओढणाऱ्या घोड्यांची पायवाट करू नका. इथे ती नव्हतीच. माणसं नावेवर उताणी पडून भिंतीला पाय लावत नाव रेटायची.

कालवा बंद पडला तो रेल्वेने मालवाहतूक ओढून नेली म्हणून, हे खरंच, पण मातीनेही दगा दिला. डोंगरात कुठे चुनखडी, कुठे मुलतानी माती. चुनखडीच्या भेगांतून कालव्याचं पाणी निघून जायचं, मुलतानी माती पाणी पिऊन फुगायची आणि बोगद्याचा तळ उचलायची. काळ्या मातीवर घर बांधलेल्यांना हे वेगळं समजावायला नको. 1911 नंतर नाव गेली नाही. त्यामुळे रेझिन (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणारं रसायन) वापरून भरलेलं पाणी मी दाखवणार नाही. गाळ, थोडी ओल आणि पाचोळा.

दगड कॉट्सवोल्डचा, मधाळ पिवळा. पिवडीत चुना कालवून छटा जवळपास जमली आहे. 1970च्या दशकात या तोंडाची दुरुस्ती झाली, तेव्हा उगाच पडझड दाखवण्यात अर्थ नाही. काळपटपणा फक्त वरच्या कॉर्निसखाली, म्हणजे माथ्यावर पुढे आलेल्या दगडी पट्टीखाली, पावसाचं पाणी ओघळतं तिथे.

कुणाकडे त्या कॉर्निसचा बाजूने काढलेला फोटो आहे का? कड किती पुढे आलीय ते समोरच्या फोटोंवरून कळत नाही, आणि ते ठरल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही.