नऊ महिने, अकरा पुल रिक्वेस्ट

आधी हिशेब. ११ पुल रिक्वेस्ट (‘माझा बदल प्रकल्पात घ्या’ अशी विनंती), त्यातल्या ७ मर्ज (स्वीकारून मिसळलेल्या), ३ बंद, एक रखडलेली. मागच्या नोंदीत ‘वर्षअखेर २५’ असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ते खोडलंय. कारण पुढे येईल.

प्रकल्प तोच: ब्राउझरमध्ये चालणारं, टिपणं ठेवायचं छोटं ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेलं) अ‍ॅप. मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारे) दोघं, बाकी आम्ही सगळे फावल्या वेळातले.

पहिले दोन महिने सगळ्यांचे जातात तसेच गेले. ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांना जमेल असं काम) लेबलं धुंडाळली, रीडमीतल्या (प्रकल्पाच्या माहितीपानातल्या) चुका दुरुस्त केल्या, रिबेस करताना (आपले बदल नव्या कोडवर पुन्हा रचताना) स्वतःचंच काम हरवलं (रिफलॉगमुळे, म्हणजे गिट ठेवतं त्या जुन्या हालचालींच्या नोंदीमुळे परत मिळालं, हा शब्द पाठ करून ठेवा). पहिल्या पुल रिक्वेस्टवर आपोआप होणाऱ्या तपासणीची लाल फुली आली ती साइन-ऑफची ओळ नव्हती म्हणून. हे काम द्यायचा मला हक्क आहे, असं दर कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) नावानिशी लिहून द्यायची ही पद्धत लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) २००४ साली सुरू झाली. तेव्हा वैतागले होते, आता हात आपोआप चालतो.

तिसऱ्या महिन्यात टूलबारचा इश्यू (नोंदवलेली अडचण) घेतला. बटणांवर नुसती चित्रं, त्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) प्रत्येकाला फक्त ‘बटण’ म्हणायचा. सोपं वाटलं. प्रत्येकाला एरिया-लेबल (रीडरने उच्चारायचं नाव) दिलं, तपासणीचं टूल हिरवं झालं, मी खूश.

रिव्ह्यू करायला आलेली व्यक्ती रोज स्क्रीन रीडरवरच काम करणारी. तिने काय ऐकू येतं ते जसंच्या तसं लिहून पाठवलं: ‘ठळक बटण, बटण’. लेबलात ‘बटण’ मी लिहिलं होतं आणि रीडर तो शब्द स्वतःहून म्हणतोच. शिवाय ठळक चालू आहे की बंद, हे कळायला मार्गच नाही. मी एरिया-प्रेस्ड (बटण दाबलेलं आहे की नाही हे रीडरला सांगणारी खूण) जोडलं आणि हुशारी करून लेबलही बदलतं ठेवलं. आता ऐकू यायला लागलं ‘ठळक बंद करा, दाबलेलं’. म्हणजे चालू की बंद? तिने एवढंच विचारलं, आणि मला उत्तर देता येईना. लेबल स्थिर ठेवायचं, बदलायची ती फक्त अवस्था.

त्या रात्री एनव्हीडीए बसवलं. हा विंडोजवरचा मोफत स्क्रीन रीडर स्वतःच ओपन सोर्स आहे. मायकल करन या दृष्टिहीन प्रोग्रामरने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. त्यात पडदा काळा करायची सोय आहे, ती चालू केली आणि वीस मिनिटं आमचंच अ‍ॅप वापरायचा प्रयत्न केला. बी दाबत बटणावरून बटणावर जाता येतं, पण टिपण पुसल्यावर फोकस (कीबोर्ड सध्या ज्यावर चालतो ती जागा) कुठे गेला हे काही केल्या कळेना. त्या वीस मिनिटांतून चार नवे इश्यू निघाले. टूलने त्यातला एकही दाखवला नव्हता.

भाषांतरकारांनीही एकदा कान पकडला. ‘ओपन’ ही एकच स्ट्रिंग (पडद्यावर दिसणारा मजकूर) मी दोन ठिकाणी वापरली होती. मराठीत एका जागी ‘उघडा’ (कृती) हवं, दुसरीकडे ‘उघडे’ (अवस्था). गेटटेक्स्टमध्ये (भाषांतरासाठीच्या साधनात) संदर्भ देता येतो हे तेव्हा शिकले.

आता खोडलेल्या आकड्याचं. सातव्या महिन्यात मला रिव्ह्यू करायची मुभा मिळाली. एका नवख्याच्या पहिल्याच पुल रिक्वेस्टवर मी १४ टिप्पण्या टाकल्या: मोकळ्या जागा, स्वल्पविराम, चलांची नावं. प्रत्येक टिप्पणी बरोबर होती. तो माणूस परत आला नाही.

आचारसंहितेची फाइल मग नीट वाचली. आमची काँट्रिब्यूटर कव्हेनंट या ओपन सोर्स प्रकल्पांसाठीच्या तयार मसुद्यावर बेतलेली आहे. २०१४ पासूनचा हा मसुदा, २०१८ मध्ये लिनक्स कर्नलनेही त्याच्याच आधारे आपली संहिता केली. मी त्यातला कुठलाही नियम मोडला नव्हता, आणि तेच जास्त खुपलं. मेंटेनरबाईंनी मात्र सुनावलं नाही. जे लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) सांगू शकतो ते माणसाने का सांगावं, एवढंच विचारलं. मग फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारं टूल) सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) बसवला (तीच माझी नववी पुल रिक्वेस्ट). १४ पैकी ११ टिप्पण्या आता यंत्रच लिहील, किंबहुना लिहायची वेळच येणार नाही. उरलेल्या तिनांतल्या दोन मी आज केल्याच नसत्या.

तेव्हापासून वहीत दुसरा रकाना आहे: कितीजण दुसऱ्यांदा आले. सध्या चारांपैकी तीन.

रखडलेली पुल रिक्वेस्ट कीबोर्डने टिपणांचा क्रम बदलायची. बाण दाबल्यावर टिपण हलतं, पण ‘पाचपैकी तिसरं’ हे लाइव्ह रीजनमधून (बदल झाला की रीडर आपोआप वाचतो त्या भागातून) कधी दोनदा बोललं जातं, कधी बोललंच जात नाही. कुणी हे सोडवलं असेल तर सांगा. मी शनिवारी पुन्हा पडदा काळा करून बसणार आहे.