बॉटल तर भरलेली होती

मे महिन्यातला शनिवार. खंबाटकी घाट तुंबला की माझा फोन वाजायला लागतो, कारण गॅरेज घाटाच्या पायथ्याला, साताऱ्याकडच्या खंडाळ्यात. त्या दुपारी नेहमीचे गिऱ्हाईक असलेले सर फोनवर होते. "मिस्त्री, काटा लालला टेकलाय. बॉनेटमधून वाफा निघतायत."

मोटारसायकल काढून वर गेलो. सरांचा भाचा ओलं फडकं घेऊन रेडिएटरच्या टोपणाला हात घालायच्या बेतात. मी लांबूनच ओरडलो. आतलं पाणी शंभराच्या वर तापलेलं असतं, दाबामुळे गप्प बसलेलं. टोपण फिरवलं की दाब जातो आणि उकळी थेट तोंडावर येते. माझ्या मनगटावर उमेदवारीतला डाग आहे, तो दाखवला. पोरगं गुमान मागे सरलं.

तासाभराने टोचन करून गाडी खाली आणली. रेडिएटर सोडला तर ट्रेमध्ये कोरा चहा पडला. गंजाचा. हे इंजिन थंड ठेवणारं कूलंट कधीकाळी हिरवंगार होतं, असं सांगून कुणाला पटलं नसतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला वाट उघडणारी झडप, काढून पातेल्यात उकळत ठेवला. 82 अंशांना उघडायचा तो, पाणी खळखळायला लागलं तरी अर्ध्यावरच अडकलेला. अंगावर पांढरा थर. वॉटर पंपाची पाती तर उंदराने कुरतडल्यासारखी.

"सर, कूलंटच्या बॉटलमध्ये काय ओतत होता?"

"पाणीच की. घरच्या बोअरचं. कमी दिसलं की टाकायचो."

गाडी 6 वर्षांची, 70 हजार किलोमीटर चाललेली, आणि कूलंट शोरूममधून आलं तेच. साधं हिरवं असेल तर 2 वर्षं किंवा 40 हजार. लांब पल्ल्याचं 5 वर्षांपर्यंत जातं. नुसत्या रंगावर मात्र जाऊ नये, गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघावं. कूलंटमधलं ग्लायकॉल बरीच वर्षं टिकतं. आधी संपतात ती त्यातली गंज रोखणारी रसायनं. ती संपली की ॲल्युमिनियमचं हेड, पंप, रेडिएटर उघडे पडतात. वर बोअरचे क्षार.

डिपस्टिक काढताना माझाच जीव वर-खाली होत होता. ऑइल दुधाळ निघालं असतं, म्हणजे त्यात पाणी शिरलेलं, तर इंजिनचं हेड उतरवून लेथवर न्यावं लागलं असतं. ते काळंच होतं. सर वाचले.

पण मला दुसरंच खात होतं. दिवाळीत हीच गाडी माझ्याकडे सर्व्हिसिंगला होती. बॉटल पिवळी पडलेली, पाणी दोन खुणांच्या मध्ये, म्हणून मी बरोबरची खूण करून पुढच्या कामाला लागलो. टोपण उघडलंच नाही. हे सांगावं की नाही, नवा पंप बसेपर्यंत ठरत नव्हतं. शेवटी सांगून टाकलं.

सर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे आपण दोघंही बॉटलच बघत बसलो."

पार्टचे पैसे घेतले, मजुरी सोडली. आतून तीनदा धुतलं, तेव्हा कुठे स्वच्छ पाणी आलं. मग डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं नवं कूलंट. जुनं कॅनमध्ये भरताना भाच्याने विचारलं, गटारात का नाही ओतत? म्हटलं, गोड लागतं ते, कुत्री चाटतात आणि मरतात.

ते गेल्यावर गॅरेजमध्ये थंड उभ्या असलेल्या चारही गाड्यांची टोपणं उघडून पाहिली. दोघींत चहाच होता.