आमची वाटचाल : रॉ फाइलने तारलेला धंदा

जळगावच्या सराफ बाजारातल्या पेढ्यांसाठी दागिन्यांचे फोटो काढायचे आणि ऑनलाइन माहिती लिहायची, हा आमचा धंदा. सोन्याची कड उठावी म्हणून काळं कार्ड कुठं धरायचं, हे करणाऱ्याला सांगायला नको. अगदी जवळून टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने फोकस सरकवत काढलेले वीस-पंचवीस फोटो जोडले, की पोहेहाराचा एक फोटो तयार होतो.

असे फोटो गावातल्याच एका स्टुडिओने उचलले. कोपऱ्यातला आमचा वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर छापलेली नावाची खूण, कापला आणि दुसऱ्या पेढीला विकले. आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाला, काकांना, वाटलं की माल आम्हीच दोनदा विकला. त्यांनी काम थांबवलं. निम्मा धंदा त्यांच्यावर होता. आमच्या स्टुडिओला कुलूप लागायचंच बाकी होतं. फोटो उचलणाऱ्या स्टुडिओने आजवर साधी दिलगिरी व्यक्त केलेली नाही.

तारलं ते रॉ फाइलींनी, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या, हात न लावलेल्या मूळ फाइलींनी. चोराकडे तयार जेपीईजी होती, आमच्याकडे फोकसचा प्रत्येक टप्पा. त्यात कडीजवळचा डाखही, म्हणजे सोनं जोडल्याची खूणही, दिसत होता, जो तयार फोटोत आम्ही पुसला होता. काकांच्या कारागिराने आपला डाख लगेच ओळखला. काका परतले, आजही आहेत.

म्हणून नव्या पोरांना सांगतो, रॉ फाइल कोणालाही देऊ नका. साइटवर 1200 पिक्सेलच्या वर चढवू नका. वॉटरमार्क कोपऱ्यात नको, दागिन्याच्या नक्षीवरून आडवा न्या. कापला तर दागिनाच कापला जातो. राइट-क्लिक बंद करण्यात पैसे घालू नका, स्क्रीनशॉट कोण अडवणार? फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत साठणाऱ्या माहितीत, नाव भरा, पण व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर ते गळून जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मजकूर चोरला असेल तर त्यातलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. फोटोसाठी गुगल लेन्स आणि टिनआय, ही फोटोवरून फोटो शोधायची दोन्ही साधनं बघा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे करार. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, मोबदला घेऊन गिऱ्हाइकासाठी काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाईकच असतं. हक्क आपल्याकडे ठेवायचा असेल तर पहिल्या बिलाआधी तसं लिहून घ्या. नाहीतर चोरीची तक्रार करायची कोणी, इथंच गाडी अडते.

तक्रार 2013 च्या कॉपीराइट नियमांतल्या नियम 75 प्रमाणे साइट चालवणाऱ्याकडे लेखी करा. मूळ काम कोणतं, हक्क आपला कसा, नक्कल नेमकी कोणत्या लिंकवर, हे सगळं लिहा आणि कोर्टात दावा लावण्याची हमी द्या. तक्रारीत तथ्य वाटलं तर त्यांनी 36 तासांत ते पान अडवायचं असतं. मात्र 21 दिवसांत कोर्टाचा आदेश दाखवला नाही, तर ते पुन्हा उघडू शकतात. म्हणून वकील आधी गाठा, तक्रार नंतर टाका.